शनिवारचा मेहनताना : परळ, रिश्टन आणि सुभाष गुप्ते

३१ जुलै १९२१ रोजी परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या हस्ते विदेशी कापडाची होळी पेटली. गिरणीचे मालक उमर सोबानी स्वतः त्या चळवळीत होते. त्या ढिगातील बराचसा माल ज्या मुलखातून आला होता, त्याचे नाव तेव्हाच्या मुंबईत शाळकरी पोरांनाही ठाऊक होते : लँकेशायर.

तीन-साडेतीन दशकांनंतर मुंबईतच जन्मलेला, अंगाने किरकोळ आणि उंचीने बेताचा एक तरुण त्याच लँकेशायरमधल्या रिश्टन नावाच्या गिरणीगावात शनिवारी दुपारी चेंडू टाकून पगार घेत होता. सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते त्याचे नाव. जगातला सर्वांत चांगला लेगस्पिनर कोणता, असे विचारल्यावर गॅरी सोबर्स यांनी शेन वॉर्नची कारकीर्द पाहून झाल्यानंतरही हेच नाव घेतले.

गुप्ते यांच्याविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, ते बहुधा कानपूरच्या नऊ बळींपाशी सुरू होते आणि दिल्लीच्या एका हॉटेलापाशी थांबते. मधली लँकेशायरची वर्षे एका वाक्यात उरकली जातात. परंतु खेळाडूला खेळाचे पैसे कोण देतो, आणि जो देत नाही तो त्याच्यावर कोणता हक्क सांगतो, हे समजून घ्यायचे असेल तर आधी रिश्टनला जावे लागते.

रिश्टन हे ब्लॅकबर्नजवळचे छोटे गाव. लीड्स आणि लिव्हरपूल यांना जोडणारा कालवा त्याच्या कडेने जातो. कॅलिको, म्हणजे ज्या कापडाला आपल्या कालिकतवरून नाव पडले ते साधे सुती कापड, औद्योगिक प्रमाणावर पहिल्यांदा विणले गेले ते याच गावात, असे गावकरी अभिमानाने सांगतात. १९३१च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी विलायतेत गेलेले गांधीजी बहिष्काराची झळ लागलेल्या कामगारांना भेटायला मुद्दाम लँकेशायरला गेले आणि डार्वेनला राहिले. ते गावही ब्लॅकबर्नच्याच शेजारचे. गिरणीतल्या बाया हात उंचावून त्यांच्याभोवती उभ्या आहेत, हे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. रिश्टन तिथून फार लांब नाही.

या गावांचा आणि आपल्या गिरणगावाचा नातेसंबंध विचित्र होता. मुंबईची पहिली सूतगिरणी १८५६ साली ताडदेवला चालू झाली. पुढे लालबाग, परळ, भायखळा, वरळी या पट्ट्यात चिमण्यांचे रान माजले, आणि त्या गिरण्यांतील चरख्यांवर व मागांवर लँकेशायरच्या कारखानदारांच्याच नावांचे शिक्के असत. यंत्रे तिथली, स्पर्धाही तिथल्यांशीच. कामगाराचे आयुष्य मात्र दोन्हीकडे एका साच्यातले : पहाटेचा भोंगा, कापसाची भुकटी, कानठळ्या बसवणारे मागखाते, एकाला एक चिकटलेल्या खोल्या. फरक संध्याकाळी पडे. लालबाग-परळचा कामगार भजनी मंडळात, आखाड्यात किंवा हुतूतूच्या मैदानात जाई. क्रिकेट हा त्याच्या लेखी फोर्टातल्या जिमखान्यांचा खेळ होता. लँकेशायरमधल्या त्याच्या जोडीदाराने मात्र क्रिकेट आपल्या अंगणात ओढून आणले होते.

ते कसे, हे सांगायला हवे. १८९२ साली लँकेशायर लीग स्थापन झाली. पुढे तिच्यात चौदा क्लब स्थिरावले : नेल्सन, कोल्न, बर्नली, बेकप, हॅस्लिंग्डन, ॲक्रिंग्टन, रिश्टन वगैरे. सगळी गिरण्यांची गावे. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी झाली की दुपारी सामना सुरू व्हायचा आणि दोन्ही संघांचा एकेक डाव संध्याकाळपर्यंत आटोपायचा. अकरांपैकी दहाजण गावातलेच, म्हणजे मागवाले, दुकानदार, कारकून, शिक्षक. अकरावा पगारी. प्रत्येक क्लबला एक व्यावसायिक खेळाडू ठेवण्याची मुभा होती आणि त्या एका जागेसाठी गावे एकमेकांवर कुरघोडी करीत. तिकिटाचे पैसे, सभासदांची वर्गणी, चहाच्या टेबलावरची विक्री यांतून त्याचा पगार उभा राहायचा.

शिवाय एक प्रथा होती. व्यावसायिकाने पन्नास धावा केल्या किंवा ठरल्याइतके बळी मिळवले की मैदानात डबा फिरायचा. प्रेक्षक त्यात नाणी टाकायचे आणि ती रक्कम खेळाडूच्या हातात पडायची. आपल्याकडे तमाशात किंवा कुस्तीच्या फडात इनाम जाहीर व्हायचे, त्याचीच ही विलायती आवृत्ती. तिच्यात भीक नव्हती, उपकार नव्हता. चेंडू चांगला पडला, त्याचे दाम लगोलग मिळाले, इतका तो सरळ व्यवहार होता.

१९२९ ते १९३७ या काळात त्रिनिदादचे लिअरी कॉन्स्टंटाइन नेल्सनकडे होते आणि त्यांनी या लीगला जगाच्या नकाशावर आणले. भारतीयांपैकी अमरसिंग कोल्नकडून खेळले. लाला अमरनाथ युद्धाच्या आधी नेल्सनला होते. पुढे विजय हजारे रॉटनस्टॉलला, दत्तू फडकर नेल्सनला, विनू मंकड हॅस्लिंग्डनला गेले. सांगलीचा एक, कोल्हापूरचा एक, जामनगरचा एक. एवढी सगळी मंडळी दर उन्हाळ्यात तिकडे का जात होती? हवापालटासाठी नक्कीच नव्हे.

भारतात क्रिकेट हा व्यवसायच नव्हता, हे त्याचे कारण. कसोटी खेळाडूला भत्ता मिळे, पगार मिळत नसे. पोटापाण्यासाठी कुणी एखाद्या संस्थानिकाच्या पदरी राही, कुणी रेल्वेत, कुणी एसीसी किंवा टाटा अशा कंपनीत. मुंबईत टाइम्स शील्डसारख्या कार्यालयीन स्पर्धांमुळे चांगल्या खेळाडूला नोकरी मिळत असे, पण ती नोकरी क्रिकेटची नव्हे. कागदोपत्री तो कारकून असायचा. खेळ हा मान समजला जाई. मानाला मोबदला विचारायचा नसतो, हा त्यातला अध्याहृत नियम.

हा नियम ज्यांना परवडत होता त्यांचे उत्तम उदाहरण विजय मर्चंट. ठाकरसी घराणे, हिंदुस्थान मिलचे मालक. मर्चंट यांची फलंदाजी आणि त्यांचा करारी स्वभाव या दोन्हींविषयी आदर बाळगूनच हे म्हणता येते. १९३२च्या इंग्लंड दौऱ्यावर, गांधीजी तुरुंगात असताना, त्यांनी जायचे नाकारले, आणि असे नाकारायला धैर्य लागते. पण दौरा नाकारूनही ज्याच्या घरची चूल पेटते त्याचे धैर्य आणि दौऱ्यावर ज्याचा संसार अवलंबून आहे त्याची अडचण, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

मुंबईच्या क्रिकेटमध्ये ही फारकत जुनी आहे. बाळू पालवणकर यांनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळवले. ते आधी पुण्याच्या जिमखान्यात मैदानाची निगा राखणारे नोकर होते आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली. फलंदाजी साहेबाची आणि मालकाची, घाम गाळून चेंडू टाकायचा तो चाकराने : विलायतेतही हीच वाटणी होती. तिथे तर हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेयर’ यांची प्रवेशद्वारे वेगळी असत आणि धावफलकावर नाव छापण्याची रीतही वेगळी असे. तो भेद १९६२ साली अधिकृतपणे संपला. हे साल ध्यानात ठेवावे, कारण गुप्ते यांच्या आयुष्यात त्याच सुमारास काहीतरी उलट घडले.

त्यापूर्वी १९५२. विनू मंकड यांनी नुकतेच इंग्लंडविरुद्धच्या घरच्या मालिकेत ३४ बळी घेतले होते आणि मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, त्यात त्यांचा वाटा बारा बळींचा होता. उन्हाळ्यात इंग्लंडचा दौरा ठरला. हॅस्लिंग्डनचा देकार मंकड यांच्यासमोर होता. दौऱ्यावर निवड होईलच, अशी हमी मंडळाने द्यावी, म्हणजे हा देकार नाकारतो, असे त्यांनी कळवले. मंडळाने हमी दिली नाही. मंकड यांनी हॅस्लिंग्डनशी करार केला.

मग लीड्सला दुसऱ्या डावात भारताची धावसंख्या शून्य असताना चार गडी बाद झाले. फलकावरील ‘शून्यावर चार’ हे अंक अजूनही जुन्या मंडळींच्या तोंडून सुटतात. मंकड हवेत, हे एका दिवसात सर्वांना उमगले. पण आता मंकड यांच्यावर हॅस्लिंग्डनचा हक्क होता. भारताच्या क्रिकेट मंडळाला एका गिरणीगावाच्या क्लबाकडे विनंती करावी लागली. क्लबाने त्यांना सोडले. लॉर्ड्सवर मंकड यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, आणि मध्ये एका डावात ७३ षटके टाकून ५ बळी घेतले. भारत हरला, तरी तो सामना मंकड यांच्याच नावाने ओळखला जातो.

या प्रसंगात पराक्रमाइतकीच महत्त्वाची गोष्ट कागदाची आहे. हॅस्लिंग्डनकडे करारपत्र होते म्हणून त्यांना विचारावे लागले. मंडळाचा आणि खेळाडूचा असा कोणताही कागद नव्हता, म्हणून खेळाडूला कुणी काही विचारण्याची गरज नव्हती.

गुप्ते त्या वेळी बावीस वर्षांचे होते. जन्म ११ डिसेंबर १९२९चा. १९५१-५२च्या मोसमात ते पहिली कसोटी खेळले, पण खऱ्या अर्थाने ते जगाला दिसले १९५३च्या जानेवारीत, पोर्ट ऑफ स्पेनला. तेव्हा तिथे ज्यूटच्या चटईवर सामने होत. समोर वीक्स, वॉरेल आणि वॉलकॉट. वीक्स यांनी २०७ धावा कुटल्या आणि तरीही त्या डावात गुप्ते यांनी १६२ धावांत ७ बळी घेतले. पाच कसोटींत २७ बळी. सहकारी त्यांना ‘फर्गी’ म्हणत. वेस्ट इंडीजचे लेगस्पिनर विल्फ फर्ग्युसन यांच्यावरून ते नाव पडले होते. त्याच दौऱ्यात भारतीय संघाविरुद्ध बार्बाडोसकडून सोळा वर्षांचा एक मुलगा पहिला प्रथम दर्जाचा सामना खेळला. तो मुलगा म्हणजे सोबर्स.

आणि त्याच दौऱ्यात त्रिनिदादमधल्या एका तरुणीशी गुप्ते यांची ओळख झाली. पुढे तिच्याशीच त्यांनी लग्न केले. तिचा उल्लेख आत्ताच करण्याचे कारण असे, की मुंबई, लँकेशायर आणि त्रिनिदाद या तीन टोकांत ताणलेले हे आयुष्य शेवटी कोणत्या टोकाला स्थिरावणार, याचे उत्तर तिथेच दडलेले होते.

लेगस्पिन ही कला अवघड का, हे न खेळलेल्यांसाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. चेंडू मुख्यतः अनामिकेच्या जोरावर आणि मनगटाच्या झटक्याने फिरवायचा असतो. बोटांनी फिरवणाऱ्या ऑफस्पिनरला टप्प्यावर जितका ताबा ठेवता येतो तितका मनगटाला ठेवता येत नाही. एक-दोन अंशांचा फरक पडला तरी चेंडू आखूड पडतो किंवा थेट फलंदाजाच्या बॅटवर जातो. गुगलीत मनगट आणखी वळवून चेंडू हाताच्या पाठीवरून सोडायचा आणि तो उलट बाजूला वळवायचा. गुप्ते यांच्याकडे एक नव्हे, दोन प्रकारच्या गुगली होत्या, असे त्यांना खेळलेले फलंदाज सांगत. चार पावलांची धाव, उंच हात, हवेत रेंगाळणारा चेंडू, आणि हे सगळे करूनही टप्प्यावर पकड. मनगटी फिरकीत औदार्य आणि काटकसर एकत्र नांदत नाहीत. गुप्ते यांच्याकडे ती नांदत होती.

आता ही कला घेऊन लँकेशायरच्या उन्हाळ्यात उभे राहायचे. उन्हाळा हा शब्द तिथे शिष्टाचार म्हणून वापरतात. मे महिन्यात बोटे गारठतात, आणि लेगस्पिनरची बोटे गारठली की त्याचे अर्धे भांडवल गेले. चेंडू ओला होतो, पकड सुटते, भुसा चोळून चोळून तो कोरडा करावा लागतो. मुंबईकराला पावसातल्या क्रिकेटची अगदीच नवलाई नव्हती. डॉ. कांगा यांच्या नावाची लीग १९४८ सालापासून भर पावसाळ्यात ओव्हल, आझाद आणि क्रॉस मैदानांवर चालू होती, आणि ओल्या खेळपट्टीची सवय व्हावी हाही तिचा एक हेतू होता. तरी मुंबईचा पाऊस उबदार असतो. पेनाइन डोंगरांकडून येणारी भुरभुर वेगळी.

दुसरी अडचण माणसांची. लेगस्पिनरचे बळी पुष्कळदा दुसऱ्याच्या हातांतून जातात. यष्टीरक्षकाला गुगली ओळखता यायला हवी, स्लिपमधल्या माणसाला कडेला उडालेला चेंडू टिपता यायला हवा. कसोटी फलंदाजांना जी गुगली कळत नव्हती, ती आठवडाभर मागावर उभे राहून शनिवारी हातमोजे चढवणाऱ्या गावच्या यष्टीरक्षकाला कशी कळावी? व्यावसायिकाला अशा वेळी चिडण्याची सोय नसते. झेल सोडणाऱ्यालाच आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी त्याने नेटमध्ये शिकवायचे असते. ते त्याच्या कामातच धरलेले असते. संघ हरला तर दोष अकराव्याचा, कारण पगार त्याला मिळतो. सोमवारी किराणा दुकानात गावकरी त्याला तसे ऐकवूही शकतात, आणि ते तिथे गैर मानले जात नाही.

या लीगमध्ये समोर कोण असे, तेही पाहावे. एव्हर्टन वीक्स त्या दशकात बेकपकडून धावांचे डोंगर रचत होते. पोर्ट ऑफ स्पेनला हजारोंच्या गर्दीसमोर जे द्वंद्व झाले, त्याच तोडीची माणसे शनिवारी काही शे-हजार गिरणी कामगारांसमोर चहाच्या वेळेपर्यंत एकमेकांशी झुंजत. लालबागच्या कामगाराला ब्रेबॉर्न स्टेडियमचे तिकीट परवडत नसे. बेकपच्या किंवा रिश्टनच्या कामगाराला हे सगळे घराच्या मागच्या गल्लीत पाहायला मिळे, आणि तेही आपल्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या मैदानावर. हा विरोधाभास कुणी मुद्दाम रचलेला नव्हता, तरी तो विसरता येत नाही.

खुद्द लँकेशायरचा कापडधंदा तेव्हा मावळतीला लागला होता. एकेकाळी जगाला कापड पुरवणाऱ्या ब्रिटनने १९५८च्या सुमारास निर्यातीपेक्षा जास्त सुती कापड बाहेरून आणायला सुरुवात केली, आणि त्यात भारताचा माल मोठा होता. परळमध्ये होळी झाली त्याला तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. गिरण्या एकामागून एक बंद होत असलेल्या मुलखात मुंबईचा माणूस शनिवारचा आनंद विकत होता. आणि १९८२च्या संपानंतर परळ-लालबागवर जी वेळ आली, तिची रंगीत तालीम तिथे आधीच होऊन गेली होती, असेही म्हणता येईल.

या वर्षांत गुप्ते यांचा हिवाळा भारतासाठी असे. १९५४-५५च्या मोसमात पाकिस्तानात पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या, त्या रटाळ मालिकेत त्यांनी २१ बळी काढले. त्याच मोसमात मुंबईकडून, पाकिस्तानी सैन्यदले व बहावलपूर यांच्या संयुक्त संघाविरुद्ध, एका डावातले दहाच्या दहा बळी ७८ धावांत. पुढच्या वर्षी न्यूझीलंडविरुद्ध ३४ बळी. रणजी स्पर्धेत मुंबईखेरीज बंगाल आणि राजस्थान यांच्याकडूनही ते खेळले. चाकरीच्या शोधात घाटावरून आणि कोकणातून लोक गिरणगावात येत, तसे क्रिकेटपटूही जिथे आश्रय मिळेल त्या प्रांताकडे जात.

डिसेंबर १९५८, कानपूर. वेस्ट इंडीज सर्वबाद २२२. गुप्ते १०२ धावांत ९ बळी. उरलेला एक, लान्स गिब्ज, वसंत रांजणे यांच्या चेंडूवर बाद झाला. एका कसोटी डावात नऊ बळी घेणारे गुप्ते हे पहिले भारतीय. सोबर्सही त्या नऊंत होते. मग दुसऱ्या डावात सोबर्स यांनी १९८ धावा केल्या आणि भारत २०३ धावांनी हरला. गुप्ते यांच्या कारकिर्दीत हे पुष्कळदा घडले : त्यांनी आपले काम चोख केले आणि सामना हातातून गेला. पुढच्याच वर्षी त्याच मैदानावर जसू पटेल यांनी ६९ धावांत ९ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियावर विजय मिळाला. मग कानपूर म्हटले की लोकांना पटेलच आठवू लागले.

१९६१च्या डिसेंबरातही कानपूरच. गुप्ते यांनी ९० धावांत ५ बळी घेतले आणि भारताविरुद्ध फॉलोऑन पत्करण्याची पाळी इंग्लंडवर पहिल्यांदा आली. त्यानंतरची कसोटी दिल्लीला.

संघ हॉटेलात उतरला होता. गुप्ते यांच्या खोलीत ए. जी. कृपालसिंग होते. कृपालसिंग यांनी हॉटेलच्या स्वागतिकेला दूरध्वनी करून पेय घेण्यासाठी येण्याविषयी विचारले. तिने तक्रार केली. दूरध्वनी त्या खोलीतून झाला होता, एवढ्या आधारावर मंडळाने दोघांनाही दूर ठेवले. गुप्ते यांचा त्या दूरध्वनीशी काही संबंध होता, असे कधी पुढे आले नाही. सहकाऱ्याला थांबवले का नाही, असे त्यांना विचारले गेले. एवढ्या दांडग्या माणसाला मी कसा थांबवणार, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. ते उत्तर विनोदी वाटते. ज्याला ते द्यावे लागले त्याला वाटले नसणार.

स्त्रीने केलेली तक्रार मंडळाने गंभीरपणे घेतली, याला कुणी नावे ठेवणार नाही. आक्षेप वेगळ्याच गोष्टीवर आहे. कृती एकाची आणि शिक्षा खोलीला, असा न्याय चाळीतल्या भांडणातही कुणी मान्य करीत नाही. रिश्टनच्या कारभाऱ्यांना आपल्या व्यावसायिकाला मोसमाच्या मध्यावर काढायचे असते, तर त्यांना सभा भरवावी लागली असती, कारण नोंदवावे लागले असते आणि उरलेल्या पगाराचे काय, या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले असते. भारतीय संघातून काढायला नुसते नाव न वाचणे पुरेसे होते.

गुप्ते यांच्यावाचून भारताने कलकत्ता आणि मद्रास येथील कसोटी जिंकल्या. इंग्लंडविरुद्धची पहिली मालिका खिशात पडली. संघ लगेच वेस्ट इंडीजला गेला, जिथे नऊ वर्षांपूर्वी गुप्ते यांचे नाव झाले होते आणि जे आता त्यांचे सासर होते. त्यांना नेले गेले नाही. ती मालिका भारत पाच-शून्य अशी हरला. गुप्ते असते तर काय झाले असते, याला अर्थ नाही. कदाचित चार-शून्य झाली असती. पण १४९ कसोटी बळींवर ते थांबले ते वयाच्या ३२व्या वर्षी, आणि लेगस्पिनरचे मनगट त्या वयात म्हातारे झालेले नसते. भारतीय उच्चांक तेव्हा मंकड यांच्या नावावर होता, १६२.

कृपालसिंग पुढे १९६४ साली पुन्हा भारताकडून कसोटी खेळले. ते खेळले यात गैर काही नाही; झाल्या चुकीची शिक्षा कधीतरी संपावी हे योग्यच. मात्र ज्याची चूक नव्हती त्याची शिक्षा संपली नाही, हे त्या एका नोंदीमुळे लख्ख दिसते.

गुप्ते त्रिनिदादला गेले आणि तिथलेच झाले. काही काळ ते त्रिनिदादच्या संघातून प्रथम दर्जाचे सामनेही खेळले. मुंबईत त्यांचे धाकटे बंधू बाळू गुप्ते, तेही लेगस्पिनर, भारतासाठी तीन कसोटी खेळले. थोरल्याच्या वाट्याला आलेली उपेक्षा घरात कशी बोलली गेली असेल, याची कल्पनाच करावी.

मुंबईने गुप्ते यांना विसरावे, असे कुणी ठरवले नव्हते. मुंबईचे क्रिकेट फलंदाजांच्या नावांनी स्वतःची वंशावळ सांगते, हे खरे कारण असावे. मर्चंट, मांजरेकर, वाडेकर, गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर, अशी ती मालिका दादरच्या कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येते. ‘खडूस’ हे जे बिरुद मुंबईकर अभिमानाने मिरवतात, तेही फलंदाजाचे : विकेट फेकायची नाही. हवेत चेंडू सोडून समोरच्याला मोहात पाडणारा, चार धावा देऊन एक बळी मागणारा माणूस या वंशावळीत जरा उपरा वाटतो. शिवाय तो उन्हाळाभर विलायतेत, रणजीला कधी कलकत्त्याकडून तर कधी राजस्थानकडून, आणि शेवटी सातासमुद्रापार. आपला म्हणायला तो समोर नव्हता.

रिश्टनच्या आठवणीत व्यावसायिकांची यादी असते, कारण तिथे दर मोसमाचा हिशेब ठेवला जातो. १९८१ साली मायकल होल्डिंग तिथे होते, १९८७ साली व्हिव रिचर्ड्स. त्याच यादीत एस. पी. गुप्ते हे नाव आहे. पगार दिला, काम घेतले, नोंद ठेवली.

भारतीय मंडळाने शतक संपतासंपता त्यांना सी. के. नायडू पुरस्कार दिला. दिल्लीच्या त्या डिसेंबराला तोवर जवळजवळ चार दशके झाली होती.

३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला सुभाष गुप्ते यांचे निधन झाले, वयाच्या ७२व्या वर्षी. वीक्स यांनी द्विशतक केले आणि तरीही त्यांनी सात गडी बाद केले, ते मैदान याच शहरात. त्या दिवशी भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावरच होता.